अर्थतज्ज्ञ बाबासाहेब : राबणाऱ्याच्या बाजूने मांडलेला हिशेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरांत पाठ आहे. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, महाडचे तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान, नागपूरची दीक्षाभूमी. पोरासोरांना विचारले तरी घडाघडा सांगतात. पण बाबासाहेब मुळात कोणत्या विषयाचे पंडित होते असे विचारले, तर दहांपैकी नऊ जण कायद्याचे म्हणतील. आपल्या वस्तीतल्या फोटोंतही त्यांच्या हातात संविधानच असते. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या पदव्यांची यादी नीट वाचा. बी.ए. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र. एम.ए. अर्थशास्त्र. पीएच.डी. अर्थशास्त्र. एम.एस्सी. अर्थशास्त्र. डी.एस्सी. अर्थशास्त्र. बॅरिस्टरी त्याच्या जोडीने झाली. पैसा कुठून येतो, कोणाच्या खिशातून जातो आणि कोणाच्या घामावर कोण पोसला जातो, हा त्यांच्या तरुणपणाचा पहिला अभ्यास होता. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण चरित्राची हीच बाजू पाहू.

भीमराव रामजी यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिकवीत. पुढे सेवानिवृत्त होऊन कुटुंब साताऱ्यास आले, तेथेच आई भीमाबाई वारल्या, आणि मग सगळे मुंबईला आले. परळच्या चाळीत एका लहानशा खोलीत चूल, बिऱ्हाड आणि अभ्यास. सुभेदारांचे पेन्शन ते केवढे! पण मुलाने पुस्तक मागितले की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आले की सोडवून आणीत. आपल्या आयाबायांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. व्याज म्हणजे काय हे भीमरावाला कॉलेजात जाण्याआधीच कळले होते.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. सत्कार झाला, त्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हे बीज उगवायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे गेली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पुरे झाले. १९१३ मध्ये पदवी घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच वडील गेले. त्याच वर्षी महाराजांनीच त्यांना अमेरिकेत पाठवले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे मुदत, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी असा करार होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे मोठे नाव. सरकार कर कसे बसवते आणि कसे खर्चते, हा त्यांचा विषय. बाबासाहेबांनी त्यांच्या हाताखाली विषय निवडला तोही असाच. १९१५ साली एम.ए.साठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व तिचा जमाखर्च तपासला. कंपनीने लढाया केल्या, त्यासाठी कर्ज काढले, आणि कंपनीचा गाशा गुंडाळल्यावर ते कर्ज हिंदुस्थानच्या रयतेच्या डोक्यावर बसवले. जमिनीचा सारा आणि मिठावरचा कर यांतून ते फिटत राहिले. मीठ तर भीक मागणाऱ्यालाही लागते. बघा, चोवीस वर्षांचा मुलगा साम्राज्याची खातेवही उघडतो आणि भरणारा कोण आहे ते शोधतो. पुढच्या प्रबंधात त्यांनी केंद्र सरकार व प्रांत यांच्यातील पैशांच्या वाटणीचा इतिहास लिहिला. तो १९२५ साली ग्रंथरूपाने लंडनला छापला गेला, सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि १९२७ साली कोलंबियाने पीएच.डी. दिली. हा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. सामान दुसऱ्या बोटीने येत होते, ती बोट पाणतीराने बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातूनच बडोद्याला जायचा खर्च निघाला. बडोद्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. अर्थमंत्री व्हायच्या योग्यतेचा माणूस, पण शिपाई फायली लांबून फेकीत आणि पारशी धर्मशाळेतून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले. एवढे शिकूनही राहायला एक खोली मिळेना.

मुंबईला आल्यावर घडलेली एक गोष्ट मात्र आपल्या भाषणांत फारशी येत नाही. पोटासाठी त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची कचेरी काढली. विषय त्यांचा, विद्या अमेरिकेची. धंदा चालला असता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कचेरी बंद करावी लागली. बाजार फक्त नफा बघतो, जात बघत नाही, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. आमच्या मते बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रात जातीचा हिशेब कायमचा आला त्यामागे हा अनुभवही असला पाहिजे. पुढे १९३६ साली त्यांनी मांडले की जातिव्यवस्था ही नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि वर त्यांची उतरंड लावलेली आहे. माणसाला आवडीचे किंवा जमणारे काम ती घेऊ देत नाही. एका धंद्यात मंदी आली तर दुसऱ्यात जाऊ देत नाही. त्यामुळे बेकारी वाढते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाचे पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पण वर्गात इतर कॉलेजांतील मुलेही येऊन बसू लागली.

त्याच साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर एक लेख लिहिला. त्या वेळी सर्व तज्ज्ञांचे एकच म्हणणे होते. शेतीचे तुकडे पडले, शेत लहान झाले, म्हणून शेतकरी गरीब आहे, तेव्हा तुकडे जोडा आणि शेते मोठी करा. बाबासाहेबांनी विचारले, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरते काय? बैल, अवजारे, भांडवल आणि माणसे यांच्या मानाने ते ठरते. ज्याच्याकडे बैलजोडीच नाही त्याला पाच एकरही डोईजड होतात. खरा रोग असा की देशातली निम्म्याहून अधिक माणसे शेतीला चिकटून आहेत, कारण दुसरीकडे कामच नाही. शेतावर दहा जण दिसतात, पण काम चौघांचेच असते. बाकीचे सहा रिकामे राहतात आणि खातात मात्र दहाही. यावर उपाय कारखानदारीचा. गावातली जादा माणसे उद्योगांत गेली की शेती आपोआप सुधारेल. पुढे १९२७ साली मुंबई सरकारने तुकडेबंदीचे विधेयक आणले तेव्हा त्यांनी कौन्सिलात त्याला विरोध केला. या कायद्याने गरीब शेतकऱ्याचा तुकडा जाईल आणि तो भूमिहीन मजूर होईल, त्यापेक्षा सहकारी पद्धतीने शेती करा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावचा एक तुकडाही नसल्यामुळे मुंबईची वाट धरली, त्या आपल्या घरांना हा लेख परका वाटू नये.

१९२० साली पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत व नवल भाथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. इकडे रमाई अपुऱ्या पैशांत संसार ओढत होत्या. तिकडे बाबासाहेब सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरत ते दारे बंद होताना बाहेर पडत. या तपश्चर्येतून जो ग्रंथ निघाला तो म्हणजे रुपयाचा प्रश्न. त्यावर त्यांना लंडन विद्यापीठाने १९२३ साली डी.एस्सी. दिली आणि त्याच वर्षअखेर तो प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

हा ग्रंथ अवघड आहे, आणि म्हणूनच आपल्यात त्याचे नाव घेतले जाते पण आत काय आहे ते कोणी सांगत नाही. थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो.

१८९३ पर्यंत या देशात कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी मोकळीक होती. रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. पण १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. सरकारला विलायतेत दरवर्षी मोठी रक्कम सोन्याच्या नाण्यात भरावी लागे. रुपया घसरला की तेवढेच सोने घ्यायला जास्त रुपये लागत, म्हणजे जास्त कर. म्हणून १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे एका सोन्याच्या पौंडाला पंधरा रुपये, असा ठरला. लोक सोने वापरणार नाहीत, रुपये वापरतील. सोने विलायतेच्या व्यवहारापुरते आणि भाव सांभाळायचा सरकारने. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाने १९१३ साली या व्यवस्थेची वाखाणणी केली होती.

बाबासाहेबांनी नेमके याच व्यवस्थेवर बोट ठेवले. टांकसाळ लोकांसाठी बंद झाली, पण सरकारसाठी उघडीच राहिली. हवे तेव्हा हवे तेवढे रुपये पाडण्याला लगाम कोणाचा? रुपये जास्त झाले की एका रुपयाला येणारी ज्वारी कमी होते. पगार तोच, हातात नाणी तितकीच, पण बाजारातून येताना पिशवी हलकी. महागाई सर्वांना सारखी बसत नाही. व्यापारी भाव वाढवून घेतो, गिरणीवाला मालाची किंमत वाढवतो. मजुरी मात्र महागाईच्या मागे लंगडत येते. म्हणून विलायतेच्या नाण्याशी रुपयाचा भाव स्थिर आहे की नाही यापेक्षा देशातल्या बाजारात त्याची खरेदीची ताकद स्थिर आहे की नाही, ते आधी पाहा, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी सरकारचीही रुपये पाडण्याची सत्ता काढून घ्या, हा उपाय. त्यांचे गुरू प्राध्यापक कॅनन यांना सर्व मते पटली नव्हती, तरी त्यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. विद्वानांचा मोठेपणा असा असतो.

१९२५ च्या सुमारास रुपयाचा भाव उतरवावा म्हणून गिरणीमालक आणि त्यांच्या बाजूचे पुढारी मोठी ओरड करीत होते. त्याला देशहिताचे नाव दिले होते. बाबासाहेबांनी लेख लिहून विचारले की उतरलेल्या रुपयातून व्यापाऱ्याला जो फायदा होतो तो येतो कुठून? तो मजुराच्या खऱ्या मजुरीतून येतो, कारण भाव वाढतात आणि मजुरी वाढत नाही. एकाच देशातला एक वर्ग दुसऱ्याच्या खिशातून घेतो, आणि त्याला देशाचा फायदा म्हणतात! डिसेंबर १९२५ मध्ये चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. बाबासाहेबांनीच रिझर्व्ह बँक स्थापन केली असे आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेची शिफारस याच आयोगाने केली, कायदा १९३४ साली झाला आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. बाबासाहेब त्या आयोगापुढील साक्षीदार होते आणि या विषयावरील त्यांचा ग्रंथ तेव्हा प्रसिद्ध झालेला होता. एवढे खरे आहे आणि एवढे पुरेसे मोठे आहे. त्यात भर घालून सांगितले की विरोधक भर तेवढी पकडतात आणि खऱ्यावरही शंका घेतात.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात नियुक्त सभासद झाले. अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरळ हिशेब मांडला. ज्याला उत्पन्न असेल त्यालाच आयकर, आणि तोही ठरावीक मर्यादेच्या वर. पण शेतसारा मात्र पीक येवो न येवो, शेत अर्धा एकर असो की शंभर एकर, सर्वांना एकाच हिशेबाने. हा कसला न्याय? १९२८ साली गिरणीतील बायांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, तेव्हा मालकाने आणि सरकारनेही भार उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

आता वतनाविषयी. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे. महारकीचे वतन म्हणजे काय? गावचा महार सरकारचा नोकर. सांगावा नेणे, सारा वसुलीला लोक बोलावणे, सरकारी माणसांचे सामान वाहणे, हद्दी दाखवणे, मेलेली गुरे ओढणे. रात्री-अपरात्री केव्हाही हाक. घरातला कामावरचा माणूस नसेल तर बाप, भाऊ, घरातील दुसरा जो सापडेल तो. आणि मोबदला? सरकार तिजोरीतून जवळजवळ काही देत नसे. थोडी इनाम जमीन, जी पिढ्यांगणिक वाटणी होऊन वावभर उरलेली, आणि गावकऱ्यांकडून बलुते. बलुते म्हणजे खळ्यावर उभे राहून मागायचे धान्य. गावकरी खूश असला तर देणार, नसला तर नाही. म्हणजे काम सरकारचे आणि मजुरी गावाच्या मर्जीवर! महाराने चांगले कपडे घातले, मुलाला शाळेत घातले, की बलुते बंद. असे हे दोर होते.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कौन्सिलात मांडले. बलुत्याऐवजी रोख पट्टी बसवून ती साऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि पगार म्हणून द्यावी. ज्याला वतनातून मोकळे व्हायचे असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन त्याच्याकडेच राहावी, चाकरी मात्र सुटावी. कामे कोणती ती कायद्यात लिहावीत. किती साधी मागणी! कामाचा मोबदला, एवढेच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महारवतने रद्द केली होती. मुंबई सरकारला मात्र एवढी माणसे पगारी ठेवणे महाग वाटले. विधेयक निवड समितीकडे गेले, तिथे त्याचे रूप पालटले, आणि बाबासाहेबांनी ते मागे घेतले. पण त्यांनी लोकांना सांगणे सोडले नाही की हे वतन मान म्हणून मिरवू नका, ती बेडी आहे. आपल्यातल्याच काही जुन्या वतनदारांना ते तेव्हा रुचले नाही हेही खरे.

गावाची वेठ सोडून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. तिथे तरी काय? साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, मजुरी सर्वांत चांगली. पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि स्पृश्य कामगाराला बाटण्याचे भय. आपली माणसे कमी मजुरीच्या खात्यांत अडकून राहिली. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने मोठा संप झाला. कामगारांच्या मागण्यांत साचेखाते अस्पृश्यांना खुले करावे हीही मागणी घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. पुढारी आधी कचरले, मग ती घातली. गिरणीमालकांनी ऐकवले की हा अडथळा आमचा नव्हे, तुमच्याच कामगारांचा आहे. ते खरे होते, आणि बाबासाहेबांना नेमके हेच दाखवायचे होते. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक म्हणायचे आणि तोंडातल्या धाग्यावर जात सांभाळायची, हे कसे चालेल? ज्यांच्या घरातील वडीलधारी गिरणीत होती त्यांनी हे खाते कसे होते ते ऐकले असेल.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच बघा, जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला माणूस. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून पिकाचा मोठा वाटा घ्यायचा, शिवाय वेठ वेगळी. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. त्यात कुणबी होते, आगरी होते, महार होते. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण माणसे नव्हेत, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तिथेच फोड करून सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपबंदीच्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप घडवला.

जुलै १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा १९४६ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ केले असे आपण ऐकतो, पण वर दिला तो कायद्यातला आकडा आहे. भरपगारी रजा आणि सेवायोजन कार्यालये हीही त्यांच्या खात्याची कामे. युद्धात कोळशाची टंचाई पडली तेव्हा सरकारने बायांना खाणीत उतरवण्यावरची बंदी काही काळ उठवली, आणि मजूर मंत्री म्हणून त्याचे समर्थन त्यांना करावे लागले. ते सुखाचे नव्हते. बायांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल एवढे मात्र त्यांनी पाहिले आणि १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. दामोदर व महानदी खोऱ्यांतील धरणांच्या योजनांचा पायाही या काळात घातला गेला. पाणी आणि वीज यांशिवाय कारखाने नाहीत, आणि कारखान्यांशिवाय गावातल्या रिकाम्या हातांना काम नाही. १९१८ चाच लेख, आता सरकारी फायलीत.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. त्यात मोठे उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचे असावेत, शेतजमीन राज्याची व्हावी, ती सारख्या आकाराच्या शेतांत विभागून गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक कसण्यास द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार नाही, कूळ नाही आणि भूमिहीन मजूरही नाही, अशी मांडणी होती. आणि हे सगळे घटनेतच लिहावे, नाहीतर प्रत्येक निवडणुकीनंतर नवे बहुमत ते मोडील. तसे झाले नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना सर्वांना घेऊन चालावे लागले, आणि या विचारांचा काही अंश मार्गदर्शक तत्त्वांत तेवढा उरला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला की राजकारणात एक माणूस एक मत आले, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच आहे, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर सारा डोलारा कोसळेल. सरकारचा हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे असेही त्यांनी घटना समितीत सांगितले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वह्या तपासणाऱ्याला तसे वाटणे साहजिक होते.

कोणी विचारील, एवढे सगळे मांडणारा माणूस मार्क्सकडे का गेला नाही? खासगी मालकीतून शोषण आणि दुःख येते, हे मार्क्सचे म्हणणे त्यांनी फेटाळले नाही. उपाय मात्र मान्य केला नाही. रक्तपात आणि हुकूमशाहीने आणलेली समता हुकूमशाही सैल होताच जाईल, असे त्यांना वाटे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेत ते याच विषयावर बोलले. त्यांनी दाखवले की मार्क्सच्या दोन हजार वर्षांहून आधी भगवान बुद्धांनी संघातून खासगी मालमत्ता काढून टाकली होती. भिक्खूजवळ चीवर, भिक्षापात्र अशा मोजक्या वस्तू. आणि हे कोणावर तलवार धरून झाले नाही, माणसाचे मन बदलून झाले. केळुसकर गुरुजींनी दिलेले पुस्तक आणि सेलिग्मनांनी शिकवलेली विद्या, दोन्ही त्या भाषणात एकत्र आली. याच विषयावरचा त्यांचा लेख हस्तलिखितात अपुरा राहिला. सोळा दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

महारकीची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. बाबासाहेबांच्या विधेयकाला तेव्हा तीस वर्षे उलटली होती आणि ते हयात नव्हते. कायद्याने चाकरी सुटली, आणि ठरावीक रक्कम सरकारात भरून जमीन वतनदाराच्याच नावे करून देण्याची तरतूद झाली. पुष्कळांना ती रक्कम भरता आली नाही, पुष्कळ जमिनी दुसऱ्यांच्या कब्जात गेल्या, काही कवडीमोलाने गेल्या. १९६४ साली ६ डिसेंबरलाच दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर महार वतन अशी नोंद आजही आहे. ज्यांनी तो उतारा कधी पाहिला नाही, त्यांना तो तलाठ्याकडे मिळतो.